खाऊन-पिऊन पगार

मुंबईतल्या छोट्या हॉटेलात नवा पोरगा कामाला ठेवताना पगार सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. ‘खाऊन-पिऊन इतके हजार.’ या खाऊन-पिऊनमध्ये दोन वेळचं जेवण, चहा आणि रात्री अंग टाकायला जागा येते. जागा म्हणजे पोटमाळा, नाहीतर टेबलं सारून मोकळी केलेली फरशी.

अशा काही हॉटेलांचे हिशेब मी बरीच वर्षं लिहीत होतो. डोसा, सँडविच, पावभाजी, चायनीज असा झटपट खाण्याचा धंदा. पूर्वी उडुपी हॉटेलांत दक्षिण कानडातली मुलं असत. दिवसभर टेबलं पुसून त्यातली काही कानडी रात्रशाळेत जात. आता भटारखान्यात बिहार, उत्तर प्रदेश, झारखंडची पोरं दिसतात, चायनीजच्या गाडीवर नेपाळची. आधी आलेला गावकरी पुढच्याला आणतो. नेमणूकपत्राचा प्रश्नच नाही.

वहीत पगार आणि त्यातून वजा उचल, एवढंच असे. जेवणाची नि झोपण्याची किंमत कुठेच लिहिलेली नसे. सोय दोघांचीही होती. पोरगा बहुतेक पगार गावी धाडू शके, कारण खोलीचं भाडं त्याला परवडणारं नव्हतंच. मालकाला पहाटे दूध उतरवून घ्यायला आणि रात्री बाराला फरशी धुवायला माणूस हाताशी मिळे. जो कामाच्या जागीच झोपतो, त्याचे तास कुठून कुठवर मोजायचे? ‘ओव्हरटाइम’ हा शब्द मी त्या वह्यांत एकदाही लिहिला नाही.

पण काम सुटलं की या सोयीची किंमत कळते. १९८२च्या संपात गिरणी कामगार बेकार झाला, तेव्हा अनेकांची चाळीतली खोली तरी उरली होती. काहींनी वडापावची गाडी टाकली. हॉटेलातल्या पोराची नोकरी जाते त्याच दिवशी ताट जातं आणि छप्परही. २५ मार्च २०२०ला टाळेबंदी लागली, तेव्हा ही माणसं चालत का निघालीत, असं घरात बसून आपण विचारत होतो. राहणार कुठे होती? रेशनकार्डही गावी. श्रमिक गाड्या सुटल्या १ मेपासून, आणि महाराष्ट्रात हॉटेलात बसून खायला परवानगी मिळाली ती ५ ऑक्टोबरला. मालक सगळेच दगड नव्हते. गाळ्याचं भाडं चढत असताना काहींनी शटरआड पोरं सांभाळली. पण ती मेहेरबानी होती.

स्थलांतरितांसाठी १९७९चा कायदा होता, पण तो ठेकेदारामार्फत आणलेल्यांसाठी. गावकऱ्याबरोबर आलेला त्यात बसत नसे. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात स्वतःहून आलेलाही स्थलांतरित धरला आहे. ही सुधारणा खरीच. मात्र परप्रांतीयांसाठीच्या खास तरतुदी असे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेलाच लागू होतात. सहा पोरांचं सँडविचचं दुकान बाहेरच राहिलं.

माझ्यासारख्या हिशेबनिसाला सुचतं ते साधं आहे. वहीत जेवणाचा आणि राहण्याचा वेगळा रकाना घाला, त्याची किंमत मांडा. आणि काम सुटल्यावरही तो रकाना किमान पंधरा दिवस चालू ठेवा. तेवढ्यात पोरगा दुसरं हॉटेल शोधतो, किंवा गावच्या गाडीचं तिकीट काढतो.