रस्ता हवा, पाणीही हवे; पण विचारून
(इंदिरानगर, नाशिक येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या इंदिरानगरच्या कडेने मुंबई-आग्रा महामार्ग जातो आणि आपल्या नळाला येणारे पाणी सह्याद्रीच्या कुशीत अडवलेले असते. त्यामुळे महामार्गाचा वा कालव्याचा वाद परक्याचा आहे, असे मानून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही. अशा वादात दोन तट तत्काळ पडतात. एकाच्या मते विरोध करणारे प्रगतीचे शत्रू, तर दुसऱ्याच्या मते प्रत्येक प्रकल्प म्हणजे विनाश. प्रत्यक्ष अनुभव मात्र वेगळेच सांगतो.

नागपूरहून उत्तरेकडे जाणारा महामार्ग पेंचच्या व्याघ्रक्षेत्रातून जातो. त्याच्या चौपदरीकरणास निसर्गप्रेमींनी विरोध केला. प्रकरण न्यायालयात गेले. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत वन्यप्राण्यांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून ५० ते ७५० मीटर लांबीचे नऊ मार्ग बांधण्यात आले. २०१९ मध्ये तेथील कॅमेऱ्यांनी दहा महिन्यांत १८ जातींचे वन्यप्राणी टिपले. त्यांत ११ वाघ होते. रस्ता झाला आणि वाघाची वाटही राहिली. जो आक्षेप अडथळा वाटत होता, त्यानेच आराखडा सुधारला.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. सुरगाणा आणि पेठ हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आहेत. तेथे पाऊस धो धो कोसळतो, नद्या अरबी समुद्राला मिळतात आणि उन्हाळ्यात तेथील माता-भगिनी हंड्याभर पाण्यासाठी डोंगर उतरतात. याच प्रदेशातील पाणी सात धरणांत अडवून लांबलचक कालव्याने नर्मदेच्या लाभक्षेत्राकडे नेण्याची पार-तापी-नर्मदा योजना आखली गेली. २०१० मध्ये केंद्र, महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात सामंजस्य करार झाला. ज्यांची घरे आणि शेते बुडणार होती, ते वनवासी बांधव रस्त्यावर उतरले आणि २०२२ मध्ये गुजरात सरकारने योजना रद्द केल्याचे जाहीर केले. आराखडे आधी आणि माणसे नंतर, या क्रमाने वर्षानुवर्षांचे श्रम वाया गेले.

त्याच खोऱ्यांतील पाणी पूर्वेकडे वळवणाऱ्या नार-पार-गिरणा योजनेस राज्य शासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली. सुमारे ७ हजार कोटी रुपयांच्या या योजनेत नऊ धरणे आहेत. गिरणाकाठच्या शेतकऱ्याची तहान खरी आहे. तिला नाकारणे अन्यायाचे ठरेल. परंतु ज्या गावाच्या शिवारात पाणी अडेल, त्या गावाच्या हंड्यात ते प्रथम पडले पाहिजे, आणि ज्याची जमीन जाईल त्याचे पुनर्वसन धरण भरण्यापूर्वी पूर्ण झाले पाहिजे.

यासाठी नवा कायदा नको. अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय करण्याचे बंधन १९९६ च्या पेसा कायद्याने घातले आहे. २००६ चा वनाधिकार कायदा आहे, पर्यावरण मंजुरीपूर्वीची जनसुनावणी आहे. उणीव आहे ती आपल्या उपस्थितीची! सुनावणीची सूचना वृत्तपत्राच्या कोपऱ्यात येते आणि आपण पान उलटतो.

सुरगाण्याचा बांधव आपल्या समाजपुरुषाचाच अवयव आहे, असे आपण म्हणतो. तर मग पुढच्या सुनावणीला इंदिरानगरातील अभियंते, वकील आणि शिक्षक यांनी अहवाल वाचून जावे आणि तो गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावा. पाणी आपल्याला मिळते. त्याचा हिशेब विचारण्याचे कर्तव्यही आपलेच आहे.