मुलींचे प्रसाधन आणि वडीलधाऱ्यांचे कर्तव्य
(वार्षिक महिला मेळाव्यातील भाषण)



शाळेत जाणाऱ्या मुलीने मुखप्रसाधन केव्हापासून करावे, हा प्रश्न आज घरोघरी उभा आहे. सातवी-आठवीतील कन्या ओठांना रंग लावून निघते, आई दारात अडवते, आजी कपाळास हात लावते आणि वडील वर्तमानपत्रामागे दडतात. या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, ती आम्ही शिरोधार्य मानतो.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, नटण्याची हौस हा अपराध नव्हे. तान्ह्या बाळास आपण तीट लावतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास मुलींना हौसेने नटवून नेतो. १९५२ साली टाटा उद्योगसमूहाने प्रसाधनांचा देशी कारखाना काढला, त्याचे ‘लॅक्मे’ हे नावदेखील आपल्या लक्ष्मीचेच फ्रेंच रूप आहे. जो अपराध नाही त्याबद्दल शिक्षा फर्मावली, तर मुलगी ती गोष्ट सोडीत नाही. शाळेच्या कोपऱ्यावर मैत्रिणीच्या डबीतून चोरून करू लागते.

तथापि हौसेस मर्यादा हवी आणि ती कारणासह सांगता आली पाहिजे. पहिले कारण आरोग्याचे. परंपरागत सुरम्यात शिशाचे खनिज असते, काही काजळांतही शिसे आढळले आहे, आणि शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूस घातक आहे. प्रसाधनांच्या रंगात शिसे वापरण्यास कायद्याची मनाई आहे. पण जत्रेतील बिननावाच्या डबीस कायद्याचा धाक कोठला? शिवाय एकच काजळकांडी पाच मैत्रिणींत फिरली, तर डोळ्यांची साथही वर्गभर फिरते. दुसरे कारण शाळेचे. श्रीमंत-गरीब हा भेद वर्गाबाहेर राहावा म्हणून गणवेश असतो. महागडी प्रसाधने तोच भेद पुन्हा चेहऱ्यावर आणून ठेवतात.

म्हणून आमची सूचना अशी. सातवीपर्यंत शाळेत टिकली-पावडरीपलीकडे काही नको. स्नेहसंमेलनाचा दिवस मात्र अपवाद. आठवी ते दहावी शाळेचा नियम पाळावा. घरच्या मंगलकार्यात आईच्या देखत, चांगल्या प्रतीच्या वस्तूंनी, थोडके नटू द्यावे, म्हणजे लावणे आणि झोपण्यापूर्वी धुणे या दोन्ही गोष्टी ती शिकेल. दहावीनंतर निर्णय तिचा. त्यापुढे आपण सल्लागार आहोत, न्यायाधीश नव्हे.

परंतु आम्हांस खरी चिंता ओठांच्या रंगाची नाही, कातडीच्या रंगाची आहे. ओठ रंगविणारी मुलगी बहुधा खेळत असते. गोरेपणाचे मलम चोळणारी मुलगी खेळत नसते, ती लपत असते. अशा काही मलमांत पारा असतो. त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया पारा रोखतो आणि शरीरात शिरून मूत्रपिंडास इजा करतो. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली अशा मलमांमुळे मूत्रपिंडाचे विकार जडलेले रुग्ण आढळले. अशा मलमास कोणतेच वय योग्य नाही.

ही मलमे मुली का शोधतात? “सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे,” या वाक्यातील ‘पण’ मुलगी पाचव्या वर्षीच ऐकते. तो ‘पण’ पुढे वधूवर-सूचीत छापून येतो: वर्ण गोरा, निमगोरा, गव्हाळ. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० साली आपल्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गाळला. व्यापाऱ्यास जे करता आले, ते समाजास का करता येऊ नये?

भगिनींनो, मुलीच्या हातातील डबी काढून घेणे सोपे आहे. तिच्या मनातील न्यून काढणे अवघड आहे. दुसरे साधले तर पहिल्याची फारशी गरज उरणार नाही. सबब आमची कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे की, पुढील वधूवर-सूचीच्या अर्जातून ‘वर्ण’ हा रकाना काढून टाकावा. शिक्षण लिहावे, उंची लिहावी, आवडीनिवडी लिहाव्यात. रंग लिहू नये. आणि ज्या वरपक्षास तो विचारावासा वाटेल, त्यास मुलीच्या आजीनेच उत्तर द्यावे.