पवनचक्क्यांची करसवलत आणि गावाची घरपट्टी

माणगंगेच्या खोऱ्यातील माण व आटपाडी आणि त्यांना लागून असलेले खानापूर, कवठेमहांकाळ व जत हे तालुके पर्जन्यछायेत येतात. येथील माळांना पावसाची शाश्वती नाही, वाऱ्याची मात्र आहे. त्यामुळे उद्योगांना करसवलत देण्याच्या धोरणाचा विचार या परिषदेसमोर मांडताना कारखान्याऐवजी पवनचक्कीपासून आरंभ करणे अधिक उचित ठरेल. करसवलत म्हणजे शासनाने आपला येणे कर काही काळ सोडून देणे अथवा भरलेला कर परत करणे. महाराष्ट्रात 1964 पासून चालत आलेली सामूहिक प्रोत्साहन योजना याच तत्त्वावर उभी असून, तालुका जितका मागास तितकी सवलत अधिक, असे तिचे सूत्र आहे.

पवनऊर्जेच्या बाबतीत या सूत्राला केंद्राच्या प्राप्तिकर कायद्यातील वेगवान घसाऱ्याची जोड मिळाली. यंत्राची झीज गृहीत धरून दरवर्षी नफ्यातून जी वजावट मिळते तिला घसारा म्हणतात. पवनचक्कीसाठी ही वजावट आरंभी पहिल्याच वर्षी शंभर टक्के होती व नंतर ती ऐंशी टक्के करण्यात आली. महाराष्ट्राने 1998 च्या धोरणान्वये विक्रीकरातही सवलत दिली, आणि पाहता पाहता पाटण तालुक्यातील वनकुसवड्याच्या पठारावर आशियातील मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांपैकी एक उभा राहिला. पुढे ढालगाव व जतच्या माळांवरही पाती फिरू लागली. गुंतवणूकदारांत विजेच्या धंद्याशी एरवी संबंध नसलेले, परंतु करपात्र नफा असलेले उद्योग बरेच होते, आणि त्यांच्या हिशेबात चक्की वर्षभर किती फिरते यापेक्षा ती आर्थिक वर्ष संपण्याआधी उभी राहते की नाही याला महत्त्व येणे स्वाभाविक होते. दोष त्यांचा नव्हे, सवलत कशावर मोजली गेली याचा आहे. केंद्राने 2009 मध्ये प्रत्येक युनिटमागे 50 पैसे देणारे, म्हणजे प्रत्यक्ष निर्मितीशी बांधलेले प्रोत्साहन आणले, ते म्हणूनच अधिक शहाणपणाचे मानावे लागेल.

या सर्व हिशेबात ग्रामपंचायत कोठेच नव्हती. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 अन्वये तिला इमारतींवर व शेतसारा नसलेल्या जमिनींवर कर बसवता येतो, यालाच लोक घरपट्टी म्हणतात. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या नोंदवहीत मातीचे घर, दगड-विटांचे मातीत बांधलेले घर, सिमेंटचे घर आणि आरसीसी बांधकाम अशी प्रतवारी असते. 2015 पासून ही आकारणी भांडवली मूल्यावर होते. पत्र्याच्या छपराची दोन खणांची खोली या नोंदवहीत बिनतक्रार बसते, पण काँक्रीटच्या पायावर उभा असलेला उंच मनोरा इमारत की यंत्र, हा वाद मात्र होतो आणि तो मिटेपर्यंत थकबाकी वाढत राहते. मोबाइल मनोऱ्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये, अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात, असे मनोरे करआकारणीपुरते इमारत ठरतात असा निर्णय दिला, त्यामुळे गावाची बाजू पूर्वीइतकी लंगडी राहिलेली नाही. शिवाय कलम 125 प्रमाणे कारखान्याकडून करांऐवजी ठोक रक्कम घेण्याचा करारही ग्रामपंचायतीला करता येतो. अशा करारात दर वाढवण्याचे कलम नसेल तर वर्षे सरतील तसे त्या रकमेचे मोल घटत जाते, हे सरपंचांनी सहीपूर्वी पाहिलेले बरे.

सवलत राज्य व केंद्र आपापल्या तिजोरीतून देतात. परंतु अवजड वाहनांनी खचलेला रस्ता गावाचा असतो, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी वस्तीही गावाचीच असते. म्हणून उद्योग विभागाने सवलतीच्या पात्रता प्रमाणपत्राच्या आधारे उद्योगाला दरवर्षी जी रक्कम वितरित करायची, तिच्याआधी संबंधित ग्रामपंचायतीचा कर थकीत नसल्याचा दाखला मागावा, आणि प्रत्येक तालुक्यात कोणत्या उद्योगाला किती सवलत दिली व त्याने किती घरपट्टी भरली हे दोन्ही आकडे ग्रामसभेपुढे एकाच कागदावर ठेवावेत, असा ठराव या परिषदेने संमत करून शासनाकडे पाठवावा.