आमदार गणपतराव देशमुख : एक मतदारसंघ, एक पक्ष



आज बोलूया एका आमदाराविषयी.
गणपतराव देशमुख.
लोकांचे आबासाहेब.

सोलापूर जिल्ह्यातला सांगोला तालुका.
पाऊस कमी, दुष्काळ नेहमीचा.
कायद्याचं शिक्षण घेतलेले गणपतराव शेतकरी कामगार पक्षात आले.
1962 साली ते सांगोल्यातून पहिल्यांदा विधानसभेवर गेले.

ती धरून ते एकूण तब्बल 11 वेळा निवडून आले.
मतदारसंघ एकच, सांगोला.
पक्षही एकच, शेतकरी कामगार पक्ष.

पराभवही त्यांनी पाहिला.
1972 मध्ये ते हरले.
1995 मध्ये पुन्हा हरले.
पण दोन्ही वेळा लोकांनी त्यांना परत निवडून दिलं.

श्रोतेहो, त्यांचा मुख्य आग्रह होता पाण्याचा.
कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावं, ही त्यांची मागणी.
क्रांतिकारक नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत
ते आटपाडीच्या पाणी परिषदेत उभे राहिले.
टेंभू उपसा सिंचन योजनेसाठी त्यांनी सतत पाठपुरावा केला.

दुसरा आग्रह होता रोजगाराचा.
सांगोल्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली.
तालुक्यातल्या हातांना तालुक्यातच काम मिळालं.

ते मंत्रीही झाले.
तरी राहणी साधीच राहिली.
एसटीने प्रवास करणारा आमदार, ही त्यांची ओळख.

30 जुलै 2021 रोजी त्यांचं निधन झालं.

श्रोतेहो, एक मतदारसंघ, एक पक्ष, आणि पाण्याचा ध्यास.
आपल्या आमदाराला मत देताना हे जरूर आठवा :
तो आपल्या पाण्यासाठी, आपल्या कामासाठी किती झटतो?