पडद्यावरचा लेखक आणि मुलांच्या वह्या

लेखक आपल्या घरी, मुले आपल्या वर्गात आणि मध्ये इंटरनेटवरून चाललेल्या समोरासमोरच्या गप्पा, असे आभासी लेखकभेटीचे साधे रूप आहे. अमेरिकेतील शाळांत तिचा सुटसुटीत प्रकार २००९ च्या सुमारास रुळू लागला. स्काइपवर चेहरा पाहून बोलणे तेव्हा फुकट होते. प्रवासखर्च, मुक्काम, सभागृह यांतले काहीच लागत नव्हते. मूळच्या इंग्रजीच्या शिक्षिका असलेल्या बालसाहित्यिक केट मेसनर यांनी अशा भेटींना तयार असलेल्या लेखकांची यादी तयार केली. भेट साधारण वीस मिनिटांची आणि विनामूल्य. अट एकच, की त्या वर्गाने किंवा वाचकगटाने त्या लेखकाचे निदान एक पुस्तक आधी वाचलेले असावे. पुढच्या काळात जिथे जिथे या भेटी फसल्या, तिथे ही अट बहुधा गुंडाळून ठेवलेली दिसते.

लेखकाशी बोलण्याची मुलांची हौस जुनीच आहे. पूर्वी ती पत्रांनी भागत असे. बेव्हर्ली क्लीअरी यांच्या १९८३ मधील ‘डिअर मिस्टर हेनशॉ’ या कादंबरीतला ली बॉट्स नावाचा मुलगा शाळेच्या कामासाठी आवडत्या लेखकाला प्रश्नांची यादी पाठवतो. लेखक उलट त्यालाच दहा प्रश्न विचारतो. ली आधी चिडतो, मग नाइलाजाने उत्तरे लिहू लागतो आणि त्यातूनच त्याची रोजनिशी सुरू होते. या कादंबरीला १९८४ चे न्यूबेरी पदक मिळाले. लेखकाच्या सहवासाने मूल लिहिते कसे होते याचे इतके नेमके वर्णन शिक्षणशास्त्राच्या जाड ग्रंथांतही क्वचित सापडते. कादंबरीतल्या लेखकाने प्रेरणेवर व्याख्यान दिले नाही; त्याने मुलाला काम दिले.

लिटवर्ल्ड या संस्थेने २०१० मध्ये जागतिक प्रकटवाचन दिन सुरू केला. त्या दिवशी छोट्या आभासी भेटींसाठी वेळ देणाऱ्या लेखकांची यादी मेसनर दरवर्षी करू लागल्या. या भेटींचा आराखडा पाहण्यासारखा आहे. एक-दोन मिनिटे ओळख, तीन ते पाच मिनिटे प्रकटवाचन, पाच ते दहा मिनिटे मुलांचे प्रश्न आणि शेवटी दुसऱ्या लेखकांच्या एक-दोन पुस्तकांची शिफारस. ओळखीला सर्वांत कमी वेळ आणि प्रश्नांना सर्वांत जास्त. मराठी शाळांतल्या ‘लेखक आपल्या भेटीला’ या कार्यक्रमात हे प्रमाण नेमके उलटे असते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि एरवी हौसेची असलेली ही गोष्ट गरजेची झाली. चित्रकथाकार मो विलेम्स यांनी वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरच्या साथीने ‘लंच डूडल्स’ ही मालिका केली. आपल्या चित्रशाळेत बसून ते रेघोट्या मारत आणि घराघरांतली मुले त्यांच्याबरोबर काढत. स्काइप स्वतः मे २०२५ मध्ये बंद झाले. भेटी आता झूम आणि गूगल मीटवर होतात. साधन बदलल्याने त्यांचे काही अडले नाही.

इथे दोन प्रकार वेगळे करायला हवेत. स्कॉटिश बुक ट्रस्ट आणि बीबीसी यांचा ‘ऑथर्स लाइव्ह’ हा उपक्रम लेखकाचे कार्यक्रम असंख्य शाळांपर्यंत एकाच वेळी पोहोचवतो आणि ते नंतरही पाहता येतात. दुर्गम शाळेसाठी ही मोठीच सोय आहे. पण तो कार्यक्रम झाला, भेट नव्हे. हजारो मुलांपुढे बोलणारा लेखक कोणा एकीच्या प्रश्नावर अडखळत नाही. तीस-पस्तीस मुलांच्या वर्गाशी बोलणाऱ्याला अडखळावेच लागते, आणि मुलांना त्यातूनच बरेच कळते.

मूल लिहिते ते का, या प्रश्नावर अमेरिकेतील न्यू हॅम्पशरमधील लेखनशिक्षणाचे अभ्यासक डोनाल्ड ग्रेव्ह्ज आणि जेन हॅन्सन यांचे काम अजूनही आधाराला घेता येते. १९८३ मध्ये त्यांनी ‘लेखकाची खुर्ची’ या वर्गपद्धतीविषयी लिहिले. पहिलीच्या वर्गात एक खुर्ची ठेवलेली. छापील पुस्तक वाचून दाखवायचे तरी त्याच खुर्चीत बसून आणि मुलाने आपले लिखाण वाचायचे तरी तिथेच. ऐकणारी मुले दोन्ही वेळा सारखेच प्रश्न विचारतात. या मुलांच्या समजुतीत ग्रेव्ह्ज आणि हॅन्सन यांना तीन टप्पे दिसले. आधी, पुस्तके कोणी लेखक नावाची माणसे लिहितात. मग, मीही लेखक आहे. आणि शेवटी, हे छापील पुस्तक मी लिहिले असते तर असे लिहिले नसते. तिसरा टप्पा सर्वांत मोलाचा. लिहिणे म्हणजे अनेक शक्यतांमधून एक निवडणे, हे त्या सहा-सात वर्षांच्या मुलाला उमगलेले असते. लेखकभेटीचा उपयोग या टप्प्यापर्यंतची वाट जवळची करण्यात आहे. नुसत्या कौतुकाने मूल पहिल्याच टप्प्यावर राहते. लेखक आणखी उंच दिसतो आणि वही आणखी दूर जाते.

पडद्याचा खरा फायदा याच ठिकाणी आहे आणि त्याची फारशी चर्चा होत नाही. शाळेत येणारा लेखक व्यासपीठावर बसतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, मनोगत आणि आभार यांतून मुलांच्या वाट्याला दोन प्रश्न येतात, तेही शिक्षकांनी आदल्या दिवशी पाठ करून घेतलेले. पडद्यावर शाल पांघरता येत नाही, हे एक बरेच झाले. तिथला लेखक स्वतःच्या टेबलाशी बसलेला असतो. हाताशी कच्चे खर्डे असतात, संपादकाने लाल शाईने भरून परत पाठवलेले पान असते, तीनदा बदललेला शेवट असतो. खाडाखोड केलेले पान त्याने कॅमेऱ्यासमोर धरले, की मुलांना एकदम वेगळेच काही दिसते. घरी आणि शाळेत त्यांना खाडाखोडीबद्दल बोलणी बसतात. निबंध ‘सुवाच्य’ हवा असतो. छापील कथेतले पहिले वाक्य मुळात पाचवे होते, मधली दोन पाने फेकून दिली, हे प्रत्यक्ष पाहिलेल्या मुलाला आपला चुरगळलेला कागद वेगळा वाटू लागतो.

अर्थात हे आपोआप घडत नाही. भेटीआधीचे दोन आठवडे शिक्षकाचे असतात. पुस्तक वर्गात वाचलेले हवे, त्यावर मुलांचे वाद झालेले हवेत आणि मुलांनी स्वतः काही लिहून पाहिलेले हवे. लिहिताना अडलेले मूलच कामाचा प्रश्न विचारते. ‘तुम्हाला लिहिण्याची प्रेरणा कशी मिळाली?’ हा प्रश्न न लिहिणाऱ्याचा आहे आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते. ‘गोष्टीत दोघेच बोलत राहिले तर पुढे काय करायचे?’ हे विचारणारे मूल आदल्या दिवशी तिथेच थांबलेले असते. भेटीनंतर लेखकाने दिलेले एखादे छोटे काम आठवडाभरात व्हावे, त्याचे वाचन वर्गात व्हावे आणि चार-पाच लिखाणे लेखकाकडे जाऊन त्यांवर दोन ओळी परत याव्यात. परत आलेल्या त्या ओळींत ‘छान’ असेल तर काही उपयोग नाही. ‘आजी दार उघडत नाही तिथे मला थांबावेसे वाटले’ असे असेल, तर मूल तो कागद जपून ठेवते आणि पुढचा लिहायला घेते.

महाराष्ट्रात यासाठी लागणारी साधने स्वप्नातली नाहीत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, तो पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडसाठी आणि आभासी सहलींतून दूरच्या देशांतील मुलांना एकत्र आणण्याच्या कामासाठीही. सहल जमते तिथे लेखकही जमेल. अडचणी साध्या असतात. चित्र अस्पष्ट असले तर चालते, आवाज तुटला की वर्ग पांगतो. म्हणून प्रोजेक्टरपेक्षा स्पीकर चांगला असावा. मुलाने प्रश्न विचारताना कॅमेऱ्याजवळ यावे आणि आपले नाव सांगावे. रेंज गेली तर काय, हे आधी ठरलेले असावे. त्या वेळी पुस्तकातले एक प्रकरण वाचायला घेतले तर कोणाचेच बिघडत नाही.

भाषेचा मुद्दा जास्त नाजूक आहे. अहिराणी, मालवणी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाने पडद्यासमोर शुद्ध मराठीत बोलावे असा शिक्षकाचा आग्रह असेल, तर भेट संपण्याआधीच त्याचे लिहिणे संपते. अशा शाळांशी बोलायला त्या त्या बोलीत लिहिणारा लेखक मिळाला तर उत्तम, आणि पडद्यामुळे तो मिळणे सोपे झाले आहे. नंदुरबारच्या मुलांसाठी पुण्याचाच लेखक हवा असे नाही.

परदेशांतल्या मराठी शाळांना तर ही सोय अधिकच उपयोगी आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आधाराने भरणाऱ्या अशा शाळांतील मुलांना मराठी ही बहुधा आजी-आजोबांची आणि सणावारांची भाषा वाटते. आज मराठीत पुस्तके लिहिणारे माणूस त्यांनी पाहिलेले नसते. तिथे घड्याळ आडवे येते. उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे दहा म्हणजे पुण्यात संध्याकाळचे साडेसात, ते जमते. कॅलिफोर्नियात सकाळचे दहा म्हणजे पुण्यात रात्रीचे साडेदहा.

राहता राहिला मानधनाचा प्रश्न. प्रवास नाही, जागा नाही, तेव्हा पैसे कसले, असा समज सहज होतो. अमेरिकेतील विनामूल्य भेट वीस मिनिटांची आणि वाचून आलेल्या वर्गासाठी असते. तासाभराच्या कार्यशाळेसाठी तिथले लेखक सहसा शुल्क घेतात. ब्रिटनमध्ये सोसायटी ऑफ ऑथर्स ही लेखकांची संघटना शालेय भेटींचे मानधन मिळावे, असा आग्रह धरत आली आहे. मराठीत ज्या खर्चात शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि फ्लेक्स होतो, त्यात लेखकाच्या एका तासाचे मानधन आणि वर्गासाठी त्याच्या पुस्तकाच्या काही प्रती सहज बसतात.