सरकत्या भिंगांचा जमाखर्च

लंडनच्या लॉर्ड्स मैदानावरील क्रिकेटचा सामना 1948 साली बीबीसीने दूरचित्रवाणीवर दाखविला, तेव्हा इंपीरियल कॉलेजातील हॅरल्ड हॉपकिन्स यांनी रचलेले एक नवे भिंग कॅमेऱ्यावर चढविलेले होते. तत्पूर्वी कॅमेऱ्याच्या तोंडाशी निरनिराळ्या नाभीय अंतरांची भिंगे फिरत्या चकतीवर बसविलेली असत, आणि साऱ्या मैदानावरून एकट्या फलंदाजाकडे वळायचे तर चकती फिरवावी लागून दृश्याचा धागा मध्येच तुटे. हा खंड नाहीसा करणारी रचना, म्हणजेच ज्याला आपण झूम म्हणतो ती, मला प्रकाशशास्त्रातील अत्यंत सुंदर निर्मितींपैकी एक वाटते.

तिच्या एका प्रचलित प्रकारात पुढे भिंगांचा एक स्थिर बहिर्गोल समूह असतो. त्याच्यामागील अंतर्गोल समूह मागे सरकू लागला की प्रतिमा मोठी होत जाते, परंतु त्याचबरोबर ती आपली जागाही सोडते, आणि तिला पुन्हा ठिकाणावर आणण्याची जबाबदारी तिसऱ्या एका समूहाकडे सोपविलेली असते. हे दोन्ही समूह निरनिराळ्या गतीने चालावेत म्हणून नळीवर कोरलेल्या वक्र खाचांतून त्यांचा मार्ग मुक्रर केलेला असतो. खरी कसोटी मात्र पुढेच आहे. साध्या भिंगात एका काचेचे विपथन, म्हणजे प्रतिमेतील दोष, दुसरीच्या विरुद्ध विपथनाने फेडून हिशेब एकदा मिटविता येतो. येथे तो समूहांच्या प्रत्येक स्थितीत मिटला पाहिजे, म्हणून, निदान रंगांपुरते तरी, प्रत्येक सरकत्या समूहाने आपले देणे शक्यतो आपल्याच घरात फेडावे अशी तजवीज करावी लागते, आणि त्यापायी काचांची संख्या वाढते.

ही वाढ फुकटची नव्हे. हवा आणि काच यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे 4 टक्के प्रकाश परावर्तित होतो, तेव्हा असे 30 पृष्ठभाग ओलांडताना शंभरांतले जेमतेम 29 भाग पलीकडे पोहोचतात, आणि परतलेल्या प्रकाशाने चित्र धुरकटते ते निराळेच. पृष्ठभागावर अतिसूक्ष्म लेप चढविण्याची विद्या हाती आली नसती, तर आजचा झूम कागदावरच राहिला असता.

आता कॅमेऱ्यातील 36 गुणिले 24 मिलिमीटरच्या संवेदकावर साडेचार कोटी बिंदू मावतात, म्हणजे एकेका बिंदूची बाजू मिलिमीटरच्या सुमारे साडेचार सहस्रांश भरते. इतक्या बारीक जाळीपुढे पूर्वी क्षम्य ठरणारी चूक लपत नाही. एखादा समूह अक्षापासून केसभरही ढळला, तर चित्राचा एकच कोपरा अस्पष्ट होतो आणि बाकीचे तीन स्वच्छ राहतात. म्हणून गणिताने सर्व काही सिद्ध केल्यावरही जुळणीच्या मेजावर बसलेला कसबी कारागीर त्या समूहाला किंचित इकडे, किंचित तिकडे सारीत राहतो, चारही कोपरे सारखे स्पष्ट होईपर्यंत.