पाचशे लिंकांचा ठराव करण्याआधी
(महासंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्षाताईंनी दहाच मिनिटं दिली आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

गेल्या महिन्यात आपल्या तीन ग्रामसंघांना एकाच प्रकारचा फोन आला. "तुमची वेबसाइट गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो, हमी लिहून देतो. पाचशे लिंक लावू. निम्मे पैसे आधी." एका ग्रामसंघाने तर ठरावही लिहून ठेवलाय. पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत. तेव्हा सही करण्याआधी हे लिंक प्रकरण काय आहे ते बघू.

लिंक तुम्ही रोज वापरता. एका पानावर बोट ठेवलं की दुसरं पान उघडतं, ती लिंक. पण गूगलच्या दृष्टीने लिंक म्हणजे एका पानाने दुसऱ्या पानाची दिलेली ओळख.

गूगल यायच्या आधी शोधयंत्रं मुख्यतः पानावरचे शब्द बघायची. 'हळद' शब्द ज्या पानावर जास्त वेळा, ते पान वर. मग लोकांनी पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शंभर वेळा लिहून ठेवायला सुरुवात केली. माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसतो! पुढे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी वेगळा विचार केला. पान स्वतःबद्दल काय सांगतं यापेक्षा दुसरी पानं त्याच्याकडे बोट दाखवतात का, ते मोजायचं. १९९८ मध्ये त्यांनी ही पद्धत लिहून प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी गूगल कंपनी सुरू झाली. पद्धतीचं नाव पेजरँक, लॅरी पेज यांच्या आडनावावरून ठेवलेलं.

तुम्हाला हे समजायला अवघड नाही, कारण गटात आपण हेच करतो. एखादी नवीन ताई कर्ज मागते. ती स्वतः म्हणाली "मी प्रामाणिक आहे", तर आपण ऐकून घेतो. पण दहा वर्षं नियमित हप्ते भरणारी काकू म्हणाली "मी ओळखते हिला", तर सगळ्यांच्या माना डोलतात. म्हणजे किती जणी बोलल्या यापेक्षा कोण बोललं याला वजन. आणि एखादी बाई गावातल्या प्रत्येकीसाठी जामीन राहायला तयार असेल, तर तिच्या शब्दाला काय किंमत राहते? पेजरँकमध्येही अगदी असंच आहे. एका पानाने जितक्या जास्त लिंक दिल्या, तितकं त्याचं वजन वाटलं जातं आणि प्रत्येकीच्या वाट्याला थोडंच येतं.

आज गूगल लिंकशिवाय बाकीही पुष्कळ गोष्टी बघतं. पण लिंकला वजन आहे हे कळल्यावर लिंकांचा बाजार उभा राहिलाच. फोनवरचे भाऊ त्या बाजारातले.

या बाजारात काय होतं त्याचं एक उदाहरण सांगते. अमेरिकेत जेसी पेनी नावाची मोठी दुकानसाखळी आहे. कपडे, चादरी, सतरंज्या, काहीही शोधा, गूगलवर कित्येक महिने त्यांचंच नाव वर यायचं. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स या वर्तमानपत्राने छापलं की काही संबंध नसलेल्या हजारो पानांवर या दुकानाच्या लिंका पेरलेल्या आहेत. गूगलने कारवाई केली. बैठकीच्या खोलीतलं फर्निचर शोधलं तर संध्याकाळी सात वाजता हे दुकान पहिलं होतं, नऊ वाजता अडुसष्टावं! दुकानाने सांगितलं, आम्हाला या लिंकांची माहिती नव्हती, आणि गूगलचं काम बघणाऱ्या एजन्सीला काढून टाकलं. पण खाली गेलं ते दुकानच.

दुसऱ्या वर्षी, २०१२ मध्ये, गूगलने 'पेंग्विन' नावाचा बदल आणला, खास अशा बनावट लिंकांसाठी. आता यंत्रच त्या ओळखतं आणि बऱ्याचदा मोजतच नाही. म्हणजे शिक्षा झाली नाही तरी पैसे पाण्यात. क्रमांक वाढवण्यासाठी लिंक विकणं-घेणं गूगलच्या नियमात बसत नाही. आणि पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतः सांगतं. जाहिरात ही वेगळी गोष्ट. ती पैसे देऊन वर दिसते, पण तिथे 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं आणि तिच्यामुळे खालचा आपला नेहमीचा क्रमांक वाढत नाही.

मग आपण काय करायचं? आधी घरातलं. आपल्या साइटवर कुरडईचं पान आहे, पण पहिल्या पानावरून तिकडे जायला लिंकच नाही. गूगल लिंक धरून धरून नवीन पानं शोधतं. रस्ताच नसेल तर पाहुणा येणार कसा? पापडाच्या पानावर लिंक आहे, पण तिथे 'इथे क्लिक करा' एवढंच लिहिलंय. त्याऐवजी 'ज्वारीचे पापड' लिहिलं, तर पलीकडे काय आहे ते गिऱ्हाइकालाही कळतं आणि गूगललाही. याला एक पैसा लागत नाही.

मग बाहेरचं. जे कृषी पर्यटन केंद्र आपले पापड घेतं, त्यांची वेबसाइट आहे. आपल्याकडे क्षेत्रभेटीला येणाऱ्या मुलींच्या कॉलेजची आहे. ज्या वर्तमानपत्राने हळदीची बातमी छापली, त्यांची ऑनलाइन आवृत्ती आहे. हे लोक आपल्याला खरोखर ओळखतात. त्यांना सांगायचं, आमचं नाव लिहिलंय तिथे आमच्या पानाची लिंक द्या. अशा पाच-सहा मिळाल्या तरी मला त्या पाचशेंपेक्षा जास्त वाटतात. व्हॉट्सॲपवर लिंक जरूर पाठवा, त्यातून ऑर्डर येते, पण तिथलं खाजगी बोलणं गूगल वाचत नाही, त्यामुळे क्रमांकासाठी ते धरू नका.

एक महत्त्वाचं. साइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, कुणाच्या नावावर आहे ते आजच तपासा. दिलेली प्रत्येक लिंक त्या पत्त्याकडे येते. पत्ता साइट बनवणाऱ्याच्या नावावर असेल आणि उद्या त्याच्याशी बिनसलं, तर मिळवलेल्या सगळ्या लिंका त्याच्याकडे राहतील. पत्ता ग्रामसंघाच्या नावावर आणि पासवर्ड सचिवताईंच्या वहीत पाहिजे.

आणि माझं स्पष्ट मत सांगू? ज्या गटाचा सगळा माल आठवडी बाजारात आणि ओळखीच्या फोनवर संपतो, त्यांनी या भानगडीत पडूच नये. गूगलच्या नकाशावर मोफत नोंद करा, फोन नंबर बरोबर टाका, पुरे.

ज्या ग्रामसंघाचा ठराव आहे, त्यांनी फोनवाल्याला एकच विचारावं: कुठल्या पाचशे पानांवर आमची लिंक लावणार, त्यांची यादी आधी द्या. यादी आली तर त्यातली दहा पानं आपण मिळून उघडून बघू, ठरावावर त्यानंतर बोलू. कुरडईच्या पानाचं काम मी मंगळवारी दुपारी ऑफिसात करणार आहे. ज्यांना शिकायचंय त्यांनी या, मोबाइल चार्ज करून आणा.